उलटा तारा

हे कुणाला खरं वाटायचं नाही, पण ड्यूई स्टॅलिंग्जने एकदा भर सभेत, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी बंदूक रोखलेली नसताना, खरं सांगितलं. मिसिसिपीतल्या हॅचर्स बेंड गावात याहून मोठा चमत्कार आजवर झालेला नाही.

ड्यूई म्हणजे गावचा थापाड्या. गळ-गांडुळांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो सांगे, की एका माशाने त्याच्या बोटीतली पितळी घंटा गिळली आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला नदीच्या तळातून घंटा ऐकू येते. सगळे मासे ओळीने प्रार्थनेला जातात, फक्त कासवं मागच्या बाकावर झोपा काढतात. ऐकणारे खो खो हसत आणि म्हणत, "ड्यूई, लेका, तुझ्या थडग्यावर तारीखसुद्धा खोटी पडेल!" थापाड्याला याहून जास्त काही लागत नाही. थाप खरी मानली गेली, की मात्र त्याचा घात होतो.

ड्यूईची एक थाप गावाने खरी मानली होती.

कोर्टाच्या मोठ्या खोलीत, न्यायाधीशाच्या खुर्चीमागे, काचेच्या चौकटीत दक्षिणेच्या फौजेचं, गुलामगिरी टिकवायला यादवी युद्धात लढलेल्या फौजेचं, निशाण होतं. लाल जमीन, निळी फुली, तिच्यावर तेरा पांढरे तारे. बारा सुलटे आणि अगदी खालच्या कोपऱ्यातला तेरावा उलटा, टोक जमिनीकडे. एकोणीसशे एकाहत्तर साली बाहेरगावचा एक बातमीदार दुकानावर थंड प्यायला थांबला आणि त्याने विचारलं, तो तारा उलटा का? "ठाऊक नाही" म्हणायची रीत ड्यूईच्या घराण्यात नाही. त्याने सांगितलं, की हे निशाण यादवी युद्धात त्याच्या पणजोबाने, इझेकिएलने, छातीशी धरलं होतं. पणजीने ते स्वतः शिवलं, नवरा लढाईला निघाला म्हणून रडत रडत, आणि डोळ्यांतल्या पाण्यापायी शेवटचा तारा उलटा लागला. आणि कापडाच्या मधलं भोक? ते उत्तरेच्या गोळीचं. बातमीदार नाक शिंकरत गेला. मग बातमी छापून आली, मग पितळी पाटी बसली, मग शाळेच्या सहली येऊ लागल्या. ड्यूईने ती कथा इतक्यांदा सांगितली, की पणजीच्या हुंदक्याला त्याला स्वतःलाच गहिवरून येई.

गेल्या हिवाळ्यात ड्यूई मागल्या अंगणात गोठलेल्या गवतावर घसरला आणि त्याचा खुबा मोडला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. पडल्या पडल्या तो आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. तेवढ्यात अर्नेस्टीन बूकर आली. ही तीन घरं पलीकडची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली काळी बाई. नाताळात दिलेल्या गोड पक्वान्नाची ताटली ड्यूईने महिनाभर परत केली नव्हती, ती मागायला आली होती. तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला, आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि त्या बर्फासारख्या जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ॲम्ब्युलन्स शेजारच्या काउंटीतून, म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यातून, यायची होती. पन्नास मिनिटं लागली.

जन्मभर ती त्याला, गोऱ्याला म्हणायच्या रीतीप्रमाणे, "मिस्टर ड्यूई" म्हणत आली होती, आणि तो तिला नुसतं नावाने हाक मारत आला होता. त्या दिवशी मिस्टर गळून पडला.

"ड्यूई, डोळे मिटलेस तर बघ. बोलत राहा. एखादी थाप मार."

दात वाजत असताना जी पहिली तोंडात आली ती त्याने सांगितली. पणजोबा, पणजी, हुंदका, तारा. अर्नेस्टीनने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हं."

नुसतं "हं". डॉक्टरांनी खुब्यात पोलादी खिळा बसवला, तो ड्यूईला टोचला नाही. हे "हं" टोचत राहिलं. कारण त्या निशाणाचं खरं काय ते गावात दोघांनाच ठाऊक होतं, एक तो आणि दुसरी ती.

पुढे सहा आठवडे तिने त्याला सूप आणून दिलं. ड्यूई आता तिला "मिस अर्नेस्टीन" म्हणू लागला, पण आभार काही त्याच्या तोंडून फुटेनात. त्याने मासे दिले, घेवडा दिला, ताटलीसुद्धा घासून परत केली. तरी मनातलं ओझं जागचं हललं नाही.

मग काउंटीच्या बोर्डाची सभा जाहीर झाली. निशाण कोर्टात ठेवायचं की उतरवायचं? पाच सभासदांपैकी दोन ठेवा म्हणत होते, दोन उतरवा म्हणत होते. अध्यक्ष मिसेस प्रुइट म्हणाल्या, "ते खरोखर युद्धातलं असेल तर ती इतिहासाची वस्तू आहे, मी हात लावू देणार नाही. नसेल तर एक दिवस ठेवणार नाही."

बक हॉलोवे, ड्यूईचा पायरीवरचा चाळीस वर्षांचा जोडीदार, त्याच संध्याकाळी हजर झाला. "गुरुवारी चार वाजता. तू फक्त उभा राहा आणि पणजीला रडव. बाकी आम्ही बघून घेतो."

गुरुवारी कोर्टाची खोली खच्चून भरली. उकाडा असा, की प्रेतं पुरणाऱ्या दुकानाने फुकट वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने हलत होते. तेवढ्या एका बाबतीत गावाचं एकमत होतं.

बक उठला. "हा आमचा वारसा आहे. यात आमच्या पूर्वजांचं रक्त आहे. आम्ही कुणाचा द्वेष करत नाही."

"तुम्ही करत नसाल हो," काळ्यांच्या चर्चचे पास्टर टिलमन म्हणाले, "पण माझा बाप याच खोलीत, याच कापडासमोर उभा राहिला. न्यायाधीशाने तोंड उघडायच्या आधीच त्याला निकाल कळला होता."

"कापडाने निकाल दिला का?"

"मग नुसतं कापड असेल तर घरी ने ना! तुझ्या न्हाणीघरात लाव."

"पास्टर असून जीभ बघा!"

मिसेस प्रुइटनी हातोडी आपटली. "मिस्टर स्टॅलिंग्ज, बोला."

ड्यूई काठी टेकत पुढे आला. तिसऱ्या रांगेत अर्नेस्टीन बसली होती, मांडीवर पर्स, चेहरा दगडासारखा.

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," ड्यूई म्हणाला, आणि सवयीने अर्धी सभा आधीच हसली. "हे निशाण एकोणीसशे बासष्ट सालचं आहे."

हशा.

"पणजीचं सांग!" बक ओरडला.

"पणजीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पणजोबा युद्धात होता खरा, पण खेचरांना दाणा घालायला. बासष्टच्या सप्टेंबरात आवई उठली, की काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत येणार. माझा रेफर्डमामा इथे कोर्टात कामाला. तो म्हणाला, आत पाऊल टाकल्याबरोबर त्यांना कळलं पाहिजे हे कोर्ट कुणाचं आहे. गावात शिवणाचा हात एकच, लुविनिया गेन्स. मिस अर्नेस्टीनची आई. नाही म्हणायची तिला सोय नव्हती. मी एकोणीस वर्षांचा होतो. कापड मी नेऊन दिलं, शिवलेलं मी आणलं. भोक मामाच्या सिगारचं आहे."

आता तर लोक मांड्यांवर थापा मारू लागले. "आजची जमली नाही, ड्यूई! माशाची सांग!"

"मिस्टर स्टॅलिंग्ज," मिसेस प्रुइट चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "थाप नेमकी कोणती? ही की ती?"

"ही खरी आहे, मॅडम."

"त्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. पाटीवर कोरलंय."

जन्मभर ड्यूई या हशावर जगला होता. आज समोर एखादं न हसणारं तोंड दिसावं म्हणून त्याने बोट आणि गळ दोन्ही देऊन टाकले असते. दिसलं एकच, तिसऱ्या रांगेतलं. तेवढ्यात त्याच्या तोंडून ते फुटलं.

"मला आभार मानायचेत," तो म्हणाला. "जानेवारीत मी अंगणात मरत पडलो होतो. ही बाई माझं डोकं मांडीवर घेऊन पन्नास मिनिटं बर्फावर बसली. अंगातला कोट मला दिला. आणि मी काय केलं? तिच्या आईच्या हातचं काम माझ्या पणजीच्या नावावर खपवून तिलाच ऐकवलं. तिने मला खोटं पाडलं नाही. मरणाऱ्याला खोटं पाडू नये म्हणून गप्प बसली असेल. मिस अर्नेस्टीन, मी जिवंत आहे तो तुमच्यामुळे. थँक्यू. हे मला जानेवारीतच म्हणायला हवं होतं. आणि तुमच्या आईला बासष्टात."

पंखे थांबले. 

इथेच तो खाली बसता तर! पण थापाड्यापुढे गप्प सभा म्हणजे मुंगळ्यापुढे गुळाची ढेप. ड्यूईचा गळा आपोआप भरून आला, हात आपोआप छातीवर गेला.

"अजून डोळ्यांपुढे आहे," तो म्हणाला. "बिचारी लुविनिया खिडकीशी बसून शिवत होती. गालांवरून अश्रू ओघळत होते, म्हणून तर तो तारा उलटा लागला. मी टोपी काढली, मान खाली घातली, आणि म्हणालो, मिस लुविनिया, मला क्षमा..."

"खोटं!"

अर्नेस्टीन उभी राहिली होती. पर्स खाली पडली, तिकडे तिने बघितलंही नाही.

"ड्यूई स्टॅलिंग्ज, शब्दन् शब्द खरा सांगितलास आणि शेवटी माती खाल्लीस! टोपी डोक्यावरच होती तुझ्या. च्युइंगम चघळत होतास, आणि माझ्या आईला म्हणालास, 'लुविनिया, आटप, मामा वाट बघतोय.' मी बारा वर्षांची होते, टाचण्यांचा डबा धरून शेजारी बसले होते."

ड्यूई मटकन खुर्चीत बसला. पण त्याचा चेहरा असा उजळला, की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून नुकताच वर आलाय असं वाटावं. सभेतलं एकही तोंड आता हसत नव्हतं. मिसेस प्रुइट सावकाश मागे वळून कोपऱ्यातल्या तेराव्या ताऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यामागून सगळी खोली.

"आणि अश्रू म्हणे!" अर्नेस्टीन म्हणाली. "अरे, ती रडत नव्हती. तारा तिने मुद्दाम उलटा लावला. म्हणाली, उलट्या ताऱ्याचं निशाण टांगू दे त्यांना जन्मभर. तुझी गाडी वळणाआड गेली आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो!"