नेहमीएवढ्या भाकरी

भुवनेश्वरीला कोड्यांचं वेड लागलं होतं. संगणकावर कोडं यायचं, ती प्रोग्राम लिहून ते सोडवायची. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी खूण उमटायची आणि ही अशी टाळी हाणायची, की आतल्या खोलीत झोपलेले काका दचकून उठायचे.

सिद्धाप्पा सर निवृत्तीनंतर सात रस्ता चौकाजवळच्या एका खोलीत मुलांना संगणक शिकवत. तिथे सोबत शिकणाऱ्या ऋतुजाने तिला एकदा डिवचलंच, "कोडी सोडवून कुणी प्रोग्रामर होतं का गं?"

"होतं! सर, सांगा ना हिला."

"मी कशाला सांगू?" सर हसले. "तुझी शांतम्मा आत्या कडक भाकरी विकते की. तिच्या ऑर्डरी घेणारा प्रोग्राम कर. रविवारी मी भाकरी खायला येतो, तेव्हा बघू."

भुवनेश्वरीने एका संध्याकाळीच प्रोग्राम उरकला. नाव लिहायचं, आकडा लिहायचा, झालं. कोड्यांपुढे हे काय अवघड!

रविवारी सर आले. आमटीत भाकरी चुरून खायला बसले. तेवढ्यात फोन वाजला. आत्याने पिठाचे हात पदराला पुसले, फोन घेतला आणि संगणकावर एका बोटाने सावकाश लिहिलं: बसप्पाअण्णा. पुढे लिहिलं: नेहमीएवढ्या.

प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला.

"अगं बया, हा तर रुसला की!"

"आत्या, तिथं आकडा लिहायचा!"

"आकडा त्यांनी कुटं सांगितला? नेहमीएवढ्या पाठवा म्हणाले."

"पण तुला माहीत आहे ना?"

"मला हाय की. पण मी बाजारात गेले की फोन तुझा काका घेतो. त्याला काय ठाऊक? म्हणून तर तू हे करतीस म्हटल्यावर मला कौतुक वाटलं." आत्या पुन्हा परातीकडे वळली. "राहू दे बाळा. जमत न्हाय तर न्हाय."

त्या 'राहू दे'ने भुवनेश्वरीचे डोळे भरून आले. उद्या ऋतुजाला काय सांगायचं? आणि स्वतःला तरी काय?

"कोड्यात आकडे कोण देतं गं?" सरांनी सहज विचारलं.

"कोडं घालणारा. आकडा केवढा असेल तेही आधीच सांगतो."

"आणि इथं?"

"इथं... आत्या देते."

सर खो खो हसले. आत्याही हसली.

"म्हणजे माझी कोडी वायाच गेली?"

"मी कुठं तसं म्हटलं? आत्या जे बोलली, त्याचंच कोडं करून बघ."

भुवनेश्वरीने नाक ओढलं आणि विचार करू लागली. एक नाव येतं. त्या नावाने नेहमी किती घेतल्या ते सांगायचं. अरे, असं कोडं तर सोडवलंय आपण! एकदा पाहिलेलं नावासकट जपून ठेवायचं, म्हणजे पुन्हा शोधत बसावं लागत नाही. तिची बोटं धावू लागली. आत्या भाकरी थापता थापता एकेका गिऱ्हाईकाचं नेहमीचं सांगत गेली, ही भरत गेली.

मध्येच ती थबकली. "आत्या, एखादा पहिल्यांदाच फोन करून नेहमीएवढ्या म्हणाला तर?"

"असं कोण म्हणेल?"

"म्हणेल गं कुणीतरी."

सरांचा घास हातातच राहिला. या प्रश्नाचीच ते सकाळपासून वाट बघत होते.

काम झालं. आत्याने पुन्हा लिहिलं: बसप्पाअण्णा, नेहमीएवढ्या. पडद्यावर आलं: वीस.

"अगं बया, याला पण कळलं की!"

एवढ्यात फोन वाजला. समोरच्या पाटावर बसलेले सर मोबाइल कानाला लावून गंभीरपणे म्हणाले, "सिद्धाप्पा बोलतोय. नेहमीएवढ्या पाठवा."

आत्याने हसू दाबत लिहिलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं, "'पहिल्यांदाच घेताय. किती हव्यात?' बघा सर, आजवर फुकट खाल्ल्या, म्हणून तो तुमाला वळखत न्हाय!"

हिरवी खूण कुठेच उमटली नव्हती. तरी भुवनेश्वरीने टाळी हाणली, आणि आत काका दचकून उठले.