सळई कोमट आहे

आमच्या घरात गवत वाळलं की नाही, हे आप्पा ठरवतात. आप्पा म्हणजे माझे सासरे. मूठभर गवत उचलायचं, उजव्या मुठीत पिळायचं; वाकलं तर ओलं, मोडलं तर म्हणायचं, "वाळलं." हवामान खातं, शेजारी आणि घरची सून यांना त्यापुढे ब्र काढायची सोय नाही.

यंदा उन्हाळा लागतो न लागतो तोच पहिली कापणी झाली. गवत उन्हात जेमतेम पसरलं होतं, तेवढ्यात आभाळ भरून यायला लागलं. आप्पांनी बांधावर उभं राहून गवत पिळलं आणि म्हणाले, "वाळलं. भरा." माझ्या हाताला ते मऊ लागत होतं. मी तसं म्हटलंही. नवरा म्हणाला, "हां, आता तू आप्पांना गवत शिकव." झालं. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये छपरापर्यंत गवत रचलं गेलं.

ओलसर गवत दाबून रचलं की ते आतल्या आत तापतं आणि एक दिवस आपोआप पेटतं. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र जळून पोकळी होते आणि वरून चालणारा माणूस सरळ तिच्यात जातो. माझ्या माहेरी शेजारच्या शेतावरचा गडी असाच गेला होता. तेव्हापासून गवताची गंजी दिसली की मी आधी तिचा वास घेते. घरात सगळे यावरून मला हसतात. हसू देत.

त्या दुपारी मी गाईंना पाणी पाजत होते. गाई पाणी पीत नव्हत्या, नुसत्या पाय आपटत होत्या. आणि मला वास आला. साखर करपल्यासारखा, गोडसर.

"अहो, शेडमधून करपल्याचा वास येतोय."

"तुझं नाक! घरचं दूध रोज उतू जातं, तेव्हा कुठे असतं हे?" नवरा म्हणाला. पण उठला.

गंजीच्या मधोमध आम्ही एक लांब लोखंडी सळई खुपसून ठेवतो. शंका आली की ती ओढायची आणि टोक मुठीत धरायचं. धरवलं तर ठीक, नाही धरवलं तर पळायचं. हे कामही अर्थात आप्पांचंच. त्यांनी सळई ओढली, टोक उजव्या मुठीत घट्ट धरलं आणि शांतपणे म्हणाले, "कोमट आहे. वर जाऊन जरा उसकटून दे. वारा लागला की होईल ठीक."

नवरा दाताळं घेऊन शिडीवरून वर चढला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता वेगळाच वास येत होता. गवताचा नव्हे.

आप्पांनी सळई अजून सोडलेली नव्हती.

मी तिला नुसतं बोट लावलं आणि किंचाळले. "आप्पा, सोडा ती!"

त्यांनी मूठ उघडली. तळव्याची कातडी पांढरी पडून सळईलाच चिकटली होती. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे ते बघत राहिले. "मला लागलंच नाही गं," ते म्हणाले.

ज्या हाताने सळई कोमट ठरवली, त्याच हाताने गवत वाळलं असंही ठरवलं होतं. आणि नवरा वर चालत होता.

"चालू नकोस! अरे, आडवा हो! आडवा!"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अरे-तुरे केलं. बहुतेक त्यामुळेच त्यांनी वळून पाहिलं, आणि तोच त्यांचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला. ते ओरडले नाहीत. नुसतं "अगं" म्हणाले. पायाच्या कडेने धूर वर आला.

मी शिडी कशी चढले देव जाणे. खुंटीवरचा दोर फेकला. पहिला नेम चुकला. दुसऱ्यांदा त्यांनी तो मनगटाला गुंडाळला आणि पोटावर पडले. मी खाली उडी मारली, आप्पांनी आणि मी दोर ओढला. आप्पा त्याच हाताने ओढत होते. दोर लाल होत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मला आगीइतकीच त्या चेहऱ्याची भीती वाटली.

नवरा घसरत कडेला आला आणि आमच्या अंगावर कोसळला. त्यांची विजार धुमसत होती. वर गंजीचा मधला भाग हळूच खाली बसला आणि छपराखाली सगळं लाल झालं.

गाई सोडल्या. बंब आला. गोठा वाचला, शेड गेली.

डॉक्टरांनी एकाचा पाय बांधला, एकाचा हात. हिवाळ्यापासूनच हाताला काही कळत नव्हतं, हे आप्पांनी तेव्हा कबूल केलं. मी भडकले. "मग बोलायचं नाही का? जीव गेला असता त्यांचा!"

आप्पांनी मान वर केली नाही. "बोललो असतो, तर मला इथे काय काम उरलं असतं?"

मला रडू आलं. रागाचं की कशाचं, ते सांगता येत नाही.

आठवड्याने राहिलेल्या तुकड्यातलं गवत कापलं. पुन्हा ढग आले. आप्पा बांधावर आले, डाव्या हाताने मूठभर गवत उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "पीळ. सांग."

मी पिळलं. गवत मोडल्यासारखं वाटलं. पुन्हा पिळलं, आता ते नुसतं वाकल्यासारखं वाटलं. नवरा कुबडीवर रेलून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, कर थट्टा, सांग मला काही कळत नाही म्हणून. त्यांनी केली नाही.

"नाही वाळलं," मी म्हटलं. "उद्या बघू."

"बरं," आप्पा म्हणाले आणि घराकडे वळले. नवराही त्यांच्यामागे गेला. आभाळ डोक्यावर आलं होतं, आणि कुणी ब्र काढला नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.