टाचे न मारलेली भिंत

उन्हाची तिरीप खिडकीच्या गजांतून आत आली ती ओट्यावर टेकली नाही, डब्यांच्या झाकणांवर थांबली नाही; रेंगाळत, जणू कोणाला तरी शोधत, जमिनीवर पालथ्या पडलेल्या टाइलच्या पाठीवर येऊन बसली. रोजचेच ऊन — हेंद्रेपाड्यात ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून यायचे, पिवळट, किंचित धुरकट, आणि पाऊण तासात कोणाचा निरोप न घेता निघून जायचे. पण आज ते त्या पाठीवर चमकत होते. टाइलची पाठ चमकू नये. तिला चिकटलेले सिमेंट खडबडीत हवे, भिंतीचे चार कण ओरबाडून आणलेले हवे. हे मात्र काचेसारखे गुळगुळीत होते. भिंतीने त्याला कधी धरलेच नव्हते. चिंतामणीने पायाच्या अंगठ्याने टाइल सुलटी केली. निळ्या फुलाची बाजू वर आली. तिने चमकायला हरकत नव्हती.

"स्टूल घे आणि इथंच बस," अण्णा मुलाला म्हणाले. "वीतभरही जागा सुटता कामा नये. या मिस्त्री लोकांकडे पाठ केली की संपलं."

अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षे माणसांवर नजर ठेवून निवृत्त झालेले अण्णा आता ती घरच्या माणसांवर ठेवत. आठवड्यापूर्वी शेगडीमागच्या भिंतीवरून चार टाइल्स एकदम सुटल्या, त्यातली एक कढईत पडली, आणि उकळते तेल आईच्या मनगटावर उडाले. अण्णांनी त्या लावणाऱ्या सुदाम मिस्त्रीला बारवी धरणाकडच्या गावातून बोलावून आणले आणि जिन्यात, दारे किलकिली करून ऐकणाऱ्या शेजाऱ्यांसमोर, त्याला चोर म्हटले. ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीला छिन्नीने टाचे न मारता टाइल्स चिकटवणारा चोर. इमारतीतली पुढची सहा स्वयंपाकघरे त्यालाच मिळायची होती. ती तिथल्या तिथे अडली. सुदाम एवढेच म्हणाला होता, "छोट्या सायबांना इचारा. त्यांनीच थांबवलं." सगळी दारे चिंतामणीकडे वळली. आणि चिंतामणी म्हणाला — आवाज त्याचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा — "मला आठवत नाही."

आज सुदाम तीच भिंत पुन्हा करत होता, मजुरी न घेता. नीट झाली तर त्या सहा कामांसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलेन, असे अण्णा म्हणाले होते. चोर हा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नव्हता.

छिन्नीवर हातोडी, छिन्नीवर हातोडी... फिक्या हिरव्या रंगावर बोट-बोट अंतराने टाच्याची खाच पडत होती आणि आतला करडा गिलावा उघडा होत होता. मग सुदाम हात थांबवी, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवी, कान लावून ऐके. पोकळ वाटले तर तेवढा गिलावा पाडून टाकी. टाच्यांतली धूळ कुंच्याने झाडायची, भिंत पाण्याने ओलीचिंब करायची, त्यावर सिमेंटची पातळ राबडी फासायची — आणि मगच टाइल. टबात रात्रीपासून बुडवलेल्या टाइल्स केव्हाच्या पाणी पिऊन शांत पडल्या होत्या. यातले काहीच चिंतामणीला नवीन नव्हते. तीन महिन्यांपूर्वी सुदामनेच त्याला हे सगळे समजावले होते, ऐकणारे कोणी मिळाल्याच्या आनंदात.

त्या आनंदाचाच त्याला आता संताप येत होता. त्या सावकाश हातांचा, मानेवर साचणाऱ्या धुळीचा, त्या न चिडण्याचा. एक शिवी हासडली असती तर बरे झाले असते. फिट्टंफाट झाली असती. पण हा माणूस टाचे मारतो आहे, एकेक, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर माझ्याकडे पाठ करून मला पाहतो आहे. आणि मी, ज्याने त्याला चोर ठरू दिले, त्याच्यावर पहारा देतो आहे — अण्णांच्या स्टुलावर, अण्णांसारखाच पाठ ताठ करून.

सांगितले होते मी. हो, मीच. पण कशासाठी? भिंत लावली त्या दिवशी शेजारच्या कुंदावहिनी दारात आल्या होत्या. त्यांच्या पदराच्या काठापलीकडे माझी नजर आजवर कधी गेली नव्हती. त्यांच्या बाळाला ताप होता, रात्रभर जागून ते नुकते झोपले होते, आणि भिंत दोन्ही घरांची एकच. मी आत जाऊन म्हणालो, "शेगडीमागचं राहू दे. तसंच लाव." सुदाम म्हणाला, "धरायची नाय, सायेब. रंग हाय." — "लाव म्हटलं ना." माझ्या शब्दाने एका माणसाचा हात थांबला, आयुष्यात पहिल्यांदाच. पण ते निराळे. तापलेल्या पोराच्या झोपेसाठी कोणीही हेच केले असते. माझा गुन्हा असलाच तर जिन्यातला. त्या भिंतीपाशी तरी मी स्वच्छ होतो... या एवढ्या जागेवर तो आठवडाभर उभा होता, एका पायावर.

हातोडी थांबली. सुदामने वळून न पाहता म्हटले, "शेजारचं पोर झोपलंय का बघून या, सायेब. परत मधीच थांबाया नको."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले. चिंतामणी उठला.

कुंदावहिनींचे दार उघडेच होते. बाळ त्यांच्या कडेवर होते, भिंतीकडे बोट करून ठक-ठक म्हणत होते. चिंतामणीने खाली पाहत विचारले, आवाजाचा त्रास तर होत नाही ना.

"छे हो, भावजी. तुम्ही पण ना," त्या हसल्या. "त्या दिवशीसुद्धा तासाभरात उठला होता की हा. आले होते ना मी सांगायला, आता ठोका म्हणून."

तो परतला. स्टुलावर बसला. खिडकीतले ऊन गेले होते आणि जमिनीवरच्या टाइलचे निळे फूलही आता मळकट दिसत होते. काय म्हणाली ती, असे अण्णांनी विचारले. काही नाही, असे त्याच्याच आवाजात कोणीतरी उत्तर दिले. सुदामने छिन्नी पुन्हा भिंतीला लावली, पण हातोडी उचलली नाही. तो वाट पाहत होता. त्या दिवशीही त्याने अशीच छिन्नी भिंतीला लावली होती, अशीच वाट पाहिली होती. घमेल्यात सिमेंट अजून कोरडे होते, कुंदावहिनी दारातून, आता ठोका, असे सांगून नुकत्याच वळल्या होत्या.

त्यांचे बोलणे मला ऐकू आले होते. सगळे. आणि मी म्हणालो होतो, एकदा सांगितलं ना, राहू दे.