राखाडी चौकोनाखालचा पट्टा

मित्रांनो, गावाच्या वस्तुसंग्रहालयात मला पाहिलेत तर तुम्हाला आधी वाटेल, ही इथे चुकून राहिली असावी. मी एक जुनी फळी आहे. माझ्यावर चित्र नाही, कोरीव काम नाही. चार हात लांब, एक हात रुंद आणि अंगभर रंगाचे डाग. काही डाग इतके जाड आहेत की नखाने टोकरले तर तुकडा निघेल. कृपा करून टोकरू नका. का, तेच सांगायचे आहे.

मी मूळची एका होडीच्या तळाची. अठरा वर्षे समुद्रात होते आणि त्या अठरा वर्षांत क्षणभरही स्थिर नव्हते. ती सवय अजून सुटलेली नाही. हवा दमट झाली की मी फुगते, कोरडी झाली की आकसते आणि मला धरून ठेवणारे खिळे कुरकुरतात. पाहुणे म्हणतात, जुने लाकूड आहे, चालायचेच. मला विचाराल तर लाकडाचा भाग त्यात थोडाच आहे. बाकीची अस्वस्थता आहे, आणि तिला कारण आहे.

माझी होडी मोडीत निघाली तेव्हा धक्क्यावरच्या रंगाऱ्याने मला उचलले. त्याची शेड पत्र्याची होती. एका बाजूला डबे, एका बाजूला टर्पेंटाइनच्या बाटल्या, मध्ये दोन लाकडी घोड्यांवर उलटी घातलेली होडी. आमच्या गावात होडीवर नाव लिहीत नसत. प्रत्येक घराचे तीन पट्टे ठरलेले असत. रंग आणि त्यांचा क्रम ही त्या घराची ओळख. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला माणसे दिसण्याच्या कितीतरी आधी पट्टे दिसत आणि आपली होडी परत येते आहे की नाही, ते कळे.

ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून रंगारी आधी माझ्यावर नमुना काढी. त्याने मला आखून छत्तीस चौकोन केले होते, प्रत्येक घराला एक. दर हंगामाआधी त्या घराचे तीन पट्टे त्याच चौकोनात, गेल्या वर्षीच्या पट्ट्यांवरच, नव्याने काढले जात. दुसऱ्या दिवशी मालक येई. रंगारी म्हणे, "लाव अंगठा." मधल्या पट्ट्यावर अंगठा दाबायचा. ठसा उमटला नाही तर रंग वाळला आणि मालकाला पसंतही पडला, असा त्याचा अर्थ. मग ब्रश होडीला लागे.

असे माझ्यावर थरावर थर चढत गेले. तीस वर्षांत मी बोटभर जाड झाले. लांबलांबची माणसे रंगाऱ्याचे काम पाहायला येत, त्याच्या सरळ रेषेचे कौतुक करत. माझे कौतुक कोणी केले नाही. जेवायला बसण्याआधी हात ज्याला पुसावेत असे एक फडके असते, तितकीच माझी किंमत. पण मला तेव्हा कशाची उणीव वाटत नव्हती. रोज कोणीतरी येत होते.

आणि एखादी होडी परत आली नाही, तर एक काम रंगारी न सांगता करी. तो राखाडी प्रायमरचा डबा उघडे आणि त्या घराचा चौकोन झाकून टाके. त्या घरचे कोणी शेडमध्ये आले तर त्यांना ते पट्टे दिसू नयेत, एवढाच त्याचा हेतू. असे सहा चौकोन माझ्यावर आहेत.

मित्रांनो, माझी झोप उडवली ती त्यांतल्या एका चौकोनाने.

दोन भाऊ होते. वडिलांच्या वेळेपासून दोघांच्या होड्यांचे पट्टे एकसारखे: निळा, लाल, पिवळा. माझ्यावरही त्यांचे चौकोन शेजारी शेजारी. थोरला शांत, आणि धाकटा असा उतावळा की रंग वाळायच्या आत अंगठा लावायला हजर. एका वर्षी तो आला आणि म्हणाला, "काका, यंदा मधला पट्टा हिरवा करा."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. "घरचा रंग बदलतोस? दादा आकाशपाताळ एक करेल."

"करू दे. आमची ही रोज धक्क्यावर उभी राहते. लांबून दोन्ही होड्या सारख्या. एक आली की हिचा जीव भांड्यात पडतो, आणि जवळ आल्यावर कळतं, ती दादाची. मग पुन्हा उभी. गेलं वर्षभर सांगतेय मला, रंग बदला म्हणून."

"मग ती कुठाय आज?"

"आईचं आजारपण काढायला माहेरी गेलीय. यायच्या आत करून टाका. येईल तेव्हा बघेल."

रंगाऱ्याने हिरवा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी हा हजर, अंगठा लावला तो अर्धवट ओल्या रंगावर. रंगारी ओरडला, "अरे, दम धर जरा!" तो हसला. चार दिवसांनी भल्या पहाटे ती होडी शेडमधून थेट समुद्रात गेली. पाचव्या दिवशी वादळ झाले. आठव्या दिवशी रंगाऱ्याने राखाडीचा डबा उघडला.

धाकट्याची बायको माहेराहून आली ती रिकाम्या धक्क्यावर. तिने ती होडी नव्या रंगात पाहिलीच नाही. शेडकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही, आणि रंगाऱ्याला वाटले, तिच्यापुढे विषय काढणे बरे नाही. माणसे जपायला जातात आणि सांगायचे राहून जाते. सात वर्षांनी रंगारीही गेला. त्यानंतर हिरव्याची गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले. आणि मी बोलू शकत नव्हते.

पुढे फायबरच्या होड्या आल्या. त्या कारखान्यातूनच पांढऱ्या येत, अंगावर नंबर घेऊन. शेड बंद पडली. मला आधी दाराला टेकू म्हणून लावले, मग गळक्या पत्र्याखाली आडोसा म्हणून, आणि मधली दोन वर्षे तर मी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार होते. कोंबड्यांना पट्ट्यांत काडीचाही रस नव्हता.

रंगाऱ्याची मुलगी तोवर मोठी होऊन शाळेत विज्ञान शिकवू लागली होती. सगळे तिला बाई म्हणत. गावातली शेवटची लाकडी होडी फोडली गेली त्या वर्षी बाईंनी मनावर घेतले आणि बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात वस्तुसंग्रहालय उभे करायचे ठरले. आत एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर छत्तीस घरांचे पट्टे रंगवायचे होते. बाई घरोघर फिरल्या, फोटो गोळा केले, म्हाताऱ्यांना विचारून रंग लिहून घेतले. पस्तीस घरांचे जुळले. एका घराची जागा पांढरी राहिली.

हे मला कसे कळले? कारण मलाही त्याच कारखान्यात आणून टेकवले होते. बाईंनीच सुताराला सांगितले होते, "शेडमधल्या एखाद्या जुन्या फळीची दारावरची पाटी करा." रंग खरवडून, पॉलिश करून माझ्यावर वस्तुसंग्रहालय असे लिहायचे होते.

त्या दिवशी बाईंनी त्या घरच्या दोघांना समोरासमोर बोलावले होते. थोरला भाऊ आता काठी टेकत चालतो. धाकट्याच्या बायकोचे वय सदुसष्ट, पण सगळे गाव तिला अजून धाकटीच म्हणते.

"लाल," थोरला म्हणाला. "मी धक्क्यावर उभा राहून त्याला हात केला होता. माझ्या डोळ्यांसमोर आहे. निळा, लाल, पिवळा."

"हिरवा, भाऊजी," धाकटी म्हणाली. "त्यांनी कबूल केलं होतं मला."

"कबूल तर तो काय काय करायचा! माझी जाळी विणून देणार होता, अजून वाट बघतोय मी."

धाकटी हसली नाही. तिने पिशवीतून एक काळापांढरा फोटो काढला. कोणीतरी त्या शेवटच्या आठवड्यात काढलेला, होडी आणि तिच्यावर तो. बाईंनी फोटो उजेडात धरला आणि मान हलवली. "काळ्यापांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवा एकाच राखाडीत येतात, काकू. यावरून सांगता येणार नाही."

"मग पांढरंच राहू दे," धाकटी म्हणाली. मग बाईंना, जरा हळू आवाजात, "मी सगळ्यांना ठासून हिरवा सांगते. पण मला तरी कुठे माहितीये? ऐकलं असेल माझं, नसेलही. एकेचाळीस वर्षं मनात भांडतेय मी त्या माणसाशी."

मी तीन पावलांवर होते. मित्रांनो, तुम्हाला उत्तर येत असावे आणि तोंडच नसावे, म्हणजे काय, याची कल्पना करा. मी फुगून फुगून टेकलेल्या जागेवरून घसरले आणि खाली आदळले.

"आता हिला काय झालं?" म्हणत सुताराने मला उचलले, बाकावर आडवे टाकले आणि पॉलिश पेपर घेऊन माझ्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

त्याचे हात चांगले होते, मी त्याला दोष देत नाही. पण एकेका फेऱ्यासरशी माझी वर्षे भुकटी होऊन उडत होती. पहिला चौकोन अर्धा गेला. त्याच्या खाली, दोन ओळी सोडून, तो राखाडी चौकोन होता. मी तडकू शकले असते तर तडकले असते.

उडालेली भुकटी झटकायला बाई जवळ आल्या आणि थबकल्या. "थांबा. थांबा जरा!"

"काय झालं बाई?"

"हे बघा." घासलेल्या खळग्यात रंगांची वलये उमटली होती, एकात एक, झाड कापल्यावर दिसतात तशी. बाहेर पांढरे, मग वर्षभराच्या धुळीचे काळपट, मग परत पांढरे. बाईंनी भिंग आणले आणि वलये मोजली. "सव्वीस. सव्वीस वर्षं आहेत इथे. अहो, हे काय घासताय तुम्ही!"

"तुम्हीच सांगितलंत," सुतार म्हणाला. "आणि फळी तुमच्याच वडिलांची. मला काय ठाऊक, त्यात वर्षं आहेत म्हणून!"

बाईंचा चेहरा उतरला. लहानपणी या फळीला हात लावायची त्यांना मनाई होती. फ्रॉकला रंग लागतो म्हणून. तेवढेच त्यांच्या लक्षात राहिले होते. त्याच माझी पाटी करायला निघाल्या होत्या.

थोरला काठी टेकत पुढे आला आणि खाली वाकला. "हा माझा," तो म्हणाला आणि निळ्या-लाल-पिवळ्या चौकोनावर सवयीने अंगठा ठेवला. मग त्याचा हात शेजारच्या राखाडीकडे गेला आणि तिथेच थांबला. "हा त्याचा."

मग बाईंनी धाकटीला नीट समजावले. "काकू, वरचा राखाडी काढता येईल. पण त्याखालचा शेवटच्या वर्षीचा थर कागदाइतका पातळ आहे. हात जास्त पडला तर तो जाईल आणि खालचा जुना लाल वर येईल. मग कधीच कळणार नाही."

धाकटी मागे सरली. "नको. राहू दे. राखाडी बरा आहे. निदान भांडता तरी येतं."

ती दारापर्यंत गेली. मला वाटले, संपले. पण ती परत आली, तिने चष्मा पुसला आणि दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली. "हलते आहे ही. मी धरते. तू घास."

बाईंनी सगळ्यांत बारीक पेपर घेतला, पाण्यात भिजवला आणि नाण्याएवढ्या जागेवर, मधल्या पट्ट्यावर, तो फिरवला. दहा फेरे, मग पुसून पाहणे. पुन्हा दहा. राखाडी पातळ झाला. त्यातून काहीतरी गडद दिसू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मी अजिबात हलले नाही.

हिरवा.

आणि त्या हिरव्यात बारीक राखाडी रेषा, वाटोळ्या, एकात एक. बाईंनी भिंग लावले. उंच कंगोऱ्यांवरचा राखाडी निघाला होता, खोलगट जागेतला तसाच राहिला होता. त्या उतावळ्या माणसाने ओल्या रंगावर दाबलेला अंगठा राखाडीनेच जपून ठेवला होता.

"वाळूही दिला नाही," सुतार म्हणाला.

धाकटी माझी कड न सोडता खाली वाकली. "ऐकलं होतं तर माझं," ती म्हणाली.

थोरल्याने घसा खाकरला. "मी लालच पाहिला होता गं, धाकटी. शपथेवर सांगतो."

"पाहिला असेल, भाऊजी. सगळी वर्षं लालच तर होता."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. माणसाची आठवण शेवटचे पाहिलेले ठेवत नाही, पुन्हा पुन्हा पाहिलेले ठेवते. मी उलट आहे. माझ्यावर शेवटचे सर्वांत वर असते आणि म्हणूनच सर्वांत आधी पुसले जाते.

आता भिंतीवर छत्तीसही घरे आहेत. माझी पाटी केली नाही. मला भिंतीसमोर, उन्हापासून दूर टांगले आहे. बाई शाळेची मुले आणतात आणि माझा खरवडलेला कोपरा आधी दाखवतात. म्हणतात, ही माझी चूक. धाकटी आठवड्यातून एकदा येते, माझ्यासमोर उभी राहते आणि कधीकधी कुजबुजत भांडते. सवय आहे ती, लगेच कशी जाईल?

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा डागाळलेला ओटा असेल, रेघोट्यांनी भरलेला दरवाजा असेल, शिक्क्यांनी मळलेली पेटी असेल. स्वच्छ करायला घेण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे कशाचे आहे. एवढाच प्रश्न. त्याला फार वेळ लागत नाही.

माझ्यावर अजून पाच राखाडी चौकोन आहेत. त्यांच्याखाली काय आहे, मला माहीत आहे. त्या घरांतली म्हातारी माणसे रस्त्याने जातात, खिडकीतून मला दिसतात; मागच्या वर्षी सात होती, यंदा चार. मी थांबू शकते, माझे लाकूड चांगले आहे. पण हवा दमट झाली की माझे खिळे पुन्हा कुरकुरू लागतात. आत या. विचारा कोणीतरी.