आज तिची सुट्टी आहे

सात नंबरच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना त्या खोलीत कुणी नावाने हाक मारत नसे. टेबलाचा नंबर तेच नाव. शहर पोलिसांच्या नियंत्रण कक्षात अशी बारा टेबलं होती, बारा हेडफोन होते आणि समोरच्या भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा होता, ज्यात गस्तीच्या गाड्यांचे हिरवे ठिपके सरकत असत. लोकांना वाटतं तिथे दिवसभर खून आणि दरोडे. दरोडे कसले! निम्मा दिवस शेजाऱ्याच्या कुत्र्यात आणि पार्किंगच्या भांडणात जातो. तरी फोन उचलल्यावर पहिला शब्द कसला येईल याचा नेम नसतो, म्हणून तिथल्या माणसाला एक वेगळा आवाज कमवावा लागतो. सात नंबरने तो अठरा वर्षांत कमावला होता. खालच्या पट्टीतला, संथ, समोरचा कितीही किंचाळला तरी न हलणारा.

त्या खोलीचे दोन नियम सगळ्यांना पाठ होते. पहिला, इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, घरी न्यायचं नाही. दुसरा, आपलंच माणूस लाइनवर आलं तर हात वर करायचा आणि फोन दुसऱ्याकडे द्यायचा. पहिला नियम रोज लागायचा. दुसरा लागलेला कुणाच्या पाहण्यात नव्हता.

बुधवार हा खरं तर सात नंबरचा सुट्टीचा वार. पण या आठवड्यात तिने नऊ नंबरशी पाळी बदलून घेतली होती, कारण तिला रविवार मोकळा हवा होता. रविवारी सकाळी टेम्पो सांगितला होता. तिचे वडील एकोणऐंशी वर्षांचे, चौतीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. वर्षभरात त्यांना दोनदा चक्कर आली. तेव्हा तिने ठरवलं की आता बास, बाबाला आपल्याकडे आणायचं. खोली रिकामी केली, पलंग लावला, पडदेसुद्धा धुतले. बाबांनी मान डोलावली होती. ती मान कोणत्या दिशेला डोलते आहे हे बघायला तिला फुरसत झाली नव्हती.

सव्वाअकराला फोन वाजला.

"पोलीस नियंत्रण कक्ष. बोला, काय मदत हवी आहे?"

"हॅलो? हां... मॅडम, मी जरा पडलोय. बाथरूममध्ये. उठता येत नाही."

तिची नजर स्क्रीनवरच्या नंबराकडे गेली. ते सिमकार्ड तिनेच घेतलं होतं. आवाज तर ओळखायचा प्रश्नच नव्हता, जन्मल्यापासून ऐकत होती. उजवा हात नियमाप्रमाणे वर गेला, आणि तोंड मात्र अठरा वर्षांच्या सवयीने चालूच राहिलं.

"काळजी करू नका काका. मी लाइनवर आहे. डोक्याला लागलंय का?"

"नाही नाही. घोटा मुरगळलाय. आणि कंबर."

"रक्त?"

"नाही."

पाळीचे साहेब उठून आले. गोल, जाडे, कशालाही "सावकाश" म्हणणारे, म्हणून सगळे त्यांना सावकाश साहेबच म्हणत. तिने कागदावर दोन शब्द लिहिले, 'माझे वडील'. साहेबांनी दुसरा हेडफोन कानाला लावला आणि फोन घेण्यासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. माझी मुलगी तुमच्याच ऑफिसात आहे. तिला कळवू नका. आज तिची सुट्टी आहे, ते बघूनच फोन केलाय."

साहेबांचा हात तसाच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने पन्नास वर्षं तिला "ए पोरी" म्हटलं, तो तिला "मॅडम" म्हणत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. बाबांचा एक कान तसाही नावालाच होता. साहेबांनी क्षणभर विचार केला, कागद ओढला आणि लिहिलं, 'तुझ्याशी नीट बोलतायत. चालू ठेव. मी ऐकतोय.'

तिने हेडफोनचा माइक ओठांशी आणला. "कुणाला कळवणार नाही. गाडी पाठवते. दार आतून लावलंय का?"

"कुलूप आहे, पण एक चावी बाहेर आहे. दाराजवळच्या जुन्या बुटात, डाव्या." बाबा जरा थांबले. "हेही मुलीला सांगू नका. त्या चावीवरून तिने मला सतरा वेळा फैलावर घेतलंय."

साहेबांनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होते मेले.

तिने पत्ता टाकला, रुग्णवाहिकेला कळवलं आणि सर्वांत जवळची गस्तीची गाडी वळवली. हिरवा ठिपका मोठ्या रस्त्यावर सरकला, चौकापाशी आला आणि तिथेच चिकटून बसला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"गाडी निघाली आहे काका. चौकात जरा गर्दी आहे."

"चौकातून कशाला आणताय?" बाबांच्या आवाजात एकदम जीव आला. "या वेळेला तिथे शाळेच्या बसगाड्या सुटतात. ड्रायव्हरला सांगा, पेट्रोलपंपाच्या आधी डावीकडे घे. अरुंद आहे, पण जीप जाते, मी एकदा बस काढली होती. पुढे पाण्याची टाकी लागेल. टाकीला वळसा घातला की माझ्या बिल्डिंगची मागची बाजू."

नकाशावर ती गल्ली बंद दाखवत होती. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तिने वायरलेसवर तसंच सांगितलं, आणि ठिपका मागे आला, डावीकडे वळला, आणि बंद दाखवलेल्या गल्लीतून बिनबोभाट चालू लागला.

"आत शिरली, काका."

"मग पाच मिनिटं," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर घाबरट असला तर सात."

गाडी येईपर्यंत माणसाला बोलत ठेवायचं, हे त्यांच्या कामातलं पहिलं शिक्षण. एरवी ती हवापाण्याचं काहीतरी विचारत असे. आज तिला विचारायचं होतं ते एकच, आणि या आवाजात ते विचारता येत होतं.

"काका, मुलीला का नाही कळवायचं?"

"अहो, रविवारी ती मला घेऊन चाललीय तिच्याकडे. आज पडलो हे कळलं तर रविवारचीही वाट बघायची नाही, संध्याकाळीच गाठोडं बांधेल माझं."

"चांगलं सांभाळत नाही का?"

"छे छे! असं कोण म्हणेल? लाखात एक पोर आहे. खोलीही छान दिलीय. फक्त खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. इथे मला बसचा रस्ता दिसतो. कोणती बस किती उशिरा आली, ड्रायव्हर पोरं वळण कसं घेतात, सगळं बसल्या जागी कळतं. तुम्ही हसाल, पण माझा दिवस त्यात जातो."

"हसत नाही. तिला हे सांगितलंत का?"

"कधी सांगू? तिचा फोन येतो तो प्रश्नपत्रिका घेऊनच. गोळी घेतली का? गॅस बंद केला का? दार लावलं का? मी हो, हो, हो म्हणतो, पेपर संपतो. कसा आहेस म्हणून विचारायला तिला वेळ होत नाही. तिचीही चूक नाही म्हणा, दिवसभर तुमच्यासारखं काम. आणि मी नाही म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. ते आलं की माझं सगळं अवसान गळतं."

तिच्या डोळ्यांत आत्ता जे आलं होतं ते फोनमधून दिसत नव्हतं, हे एक बरं होतं. साहेब मोठ्या गांभीर्याने छताकडे बघत होते. आवाज मात्र जागचा हलला नाही. त्या आवाजाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा हेवा वाटला.

"काका, आमच्याकडून तिला एक शब्द कळणार नाही. पण तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल."

"बघतो," बाबा म्हणाले. मग दार उघडल्याचा आवाज आला, बुटांचे आवाज आले, आणि कुणीतरी म्हणालं, "आलो काका, हलू नका." तिचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम," बाबा घाईने म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले."

लाइन बंद झाली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. दोन तासांनी रुग्णवाहिकेचा निरोप आला, घोटा मुरगळलाय, हाड शाबूत, पट्टी बांधून घरी सोडलं.

"जा घरी त्यांच्या," साहेब म्हणाले. "उरलेली पाळी मी बघतो. पण पहिला नियम लक्षात आहे ना? तुला यातलं काहीही माहीत नाही."

"आहे लक्षात," ती म्हणाली.

तीन वाजता तिने बाबांच्या दाराची बेल वाजवली. "उघडंच आहे!" आतून आवाज आला. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते, आणि भर उन्हाळ्यात पायांवर चादर ओढून घेतली होती. जाडी चादर. त्यांना वाटत होतं की कुणाला काही दिसत नाही.

"आज कशी काय आलीस? सुट्टी ना?"

"आले सहज."

ती समोरच्या स्टुलावर बसली. गोळी, गॅस आणि दार हे तिन्ही प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. तिने ते गिळले. वाटतं तितकं सोपं नव्हतं ते.

"बाबा, कसा आहेस तू?"

बाबा दचकले. "का? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. विचारलं फक्त."

खाली एक बस वळण घेऊन गेली. बाबांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. सांगतील का, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची तिला मुभा नव्हती. त्यांनी लपवलं तर तिला टेम्पो आणावाच लागणार होता. जो माणूस पडून लपवतो त्याला एकटं कसं ठेवणार? ती बसून राहिली. अनोळखी लोकांसाठी तिने किती वेळा असं थांबून दाखवलं होतं. आपल्या माणसासाठी थांबताना तिला पहिल्यांदाच घाम फुटला.

दुसरी बस गेली. मग बाबांनी एका झटक्यात चादर बाजूला केली.

"पडलो मी सकाळी," ते म्हणाले. "बाथरूममध्ये. तुला नाही, पोलिसांना फोन केला. आता काय बोलायचं ते बोल."

तिने पट्टीवर अलगद हात ठेवला. "खूप दुखतंय?"

"दुखतंय," बाबा म्हणाले. "झालं, तुझंच खरं ठरलं. रविवारी ने मला. मी कुरकुर करणार नाही."

"रविवारी टेम्पो येणार नाही," ती म्हणाली. "मिस्त्री येणार आहे. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे बसवायचेत. आणि घसरणार नाही अशी फरशी. तू इथेच राहा. पण पडलास की मला सांगायचं, सुट्टी असो नसो."

बाबांनी नाक ओढलं, डोळे पुसले, आणि माणूस सुटल्यावर बोलतो तसे बोलू लागले. गल्ली कशी सांगितली, जीप कशी आली, सगळं. तिने ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

"तुमच्याकडे एक बाई आहे," शेवटी बाबा म्हणाले. "तिनेच सांगितलं, मुलीला तुम्ही स्वतः सांगा म्हणून. नाव नाही विचारलं मी. पण किती शांत बोलते! सगळं ऐकून घेतलं माझं, एकदाही मध्ये तोडलं नाही. ओळखतेस का तिला?"

"ओळखते थोडीफार."

"मग माझा एक निरोप दे तिला. म्हणावं, तुमचे आईवडील असतील तर फार नशीबवान आहेत."

तिने मान खाली घातली. घोट्याची पट्टी नीट बसली होती, तरी ती तिचं टोक उगाच आत खोचत राहिली.

"सांगते," ती म्हणाली.