विसर्जनाचं पाणी

गेल्या भादव्यात डेंग्यूने माझा मुलगा मनन नेला, आणि तो डेंग्यू शेजारच्या मोरोपंतांनी टबात पाळला होता. लोक म्हणतात, डासाला कुठे घर असतं. असतं. इथे देवासात ते आमच्या भिंतीला लागूनच होतं.

मोरोपंतांकडे गणपतीचं विसर्जन अंगणात, टबातच होतं. मूर्ती पूर्ण विरघळेपर्यंत पाणी हलवायचं नाही, ही घराण्याची रीत. मातीचे गणपती यायचे तोवर ठीक होतं. आता येते प्लास्टरची मूर्ती, ती कुठली विरघळते. गेल्या वर्षी मलेरिया विभागाची मुलगी अळ्या तपासायला आली, तिला मोरोपंतांनी फाटकातूनच हाकललं. मनन गेल्यावर मात्र पहिले सांत्वनाला आले. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मी घेतलं नाही.

पुढे मीच त्या तपासणीच्या कामाला लागले आणि आमचीच गल्ली मागून घेतली.

यंदा विसर्जनानंतर त्यांच्या अंगणात गेले. टब तिथेच. पळीभर पाणी पांढऱ्या ताटलीत घेतलं. अळ्या वळवळत होत्या.

"हात नको लावूस, इरावती," ते खुर्चीतून म्हणाले. "देवाचं पाणी आहे, पायदळी येता कामा नये. मूर्ती पूरी घुलने दे, मग तुळशीला घालीन."

पायरीवर त्यांची नात चिऊ बसली होती, खातेगांवहून आलेली. पिंढऱ्यांवर लाल गांधी उठल्या होत्या.

"बरं काका, राहू द्या," म्हणाले आणि फाटकापर्यंत आले. खोटं कशाला बोलू, मनातून गार वाटलं. बसू दे यांनाही उशाशी, ठेवू दे कपाळावर पट्ट्या.

"मावशी, बहुत खाज येतेय," चिऊ मागून म्हणाली.

मी परत फिरले. मूर्ती उचलून पायरीवर ठेवली, नमस्कार केला आणि टब पालथा घातला. पाणी मोरोपंतांच्या पायांखालून वाहत गेलं.

"पाप केलंस तू," ते ओरडले.

मी ताटली त्यांच्या नाकासमोर धरली. "नीट बघा. मननला चावले त्यांची ही नातवंडं."

त्यांनी ताटलीत पाहिलं, मग चिऊच्या पायांकडे. तोंडचं पाणी पळालं.

"हिला काही होणार नाही ना गं?"

प्रत्येक डासात रोग नसतो, हे आम्हाला शिकवलेलं आहे. तेवढं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला असता. मी म्हणाले, "ताप यायचा तर आठवड्याभरात कळेल, काका. वाट बघा."

आता रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, "चिऊ, इकडे ये बघू, कपाळ दाखव." वर्षभर मला अन्न गोड लागत नव्हतं. तो आवाज ऐकत मी पोटभर जेवते.