स्वयंपाकघराखालची बाळंतीण

व्हर्ना टीटरने मक्याच्या पावाचा बिडाचा तवा ओव्हनमधून काढला आणि टॉवेलच्या घडीवर असा अलगद टेकवला, की तवा नव्हे, झोपलेलं मूल ठेवतेय. मग लोकरी मोज्यांवर सरकत सरकत तिने ओव्हनचं दार लावलं. जानेवारीपासून या घरात भांड्याला भांडं लागलं नव्हतं. रेडिओ बंद होता. दर गुरुवारी गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायका गावाची निंदासुद्धा कुजबुजत करत, त्यामुळे निंदेची चव उलट वाढली होती. कारण विचारलं की व्हर्ना म्हणे, "कान दुखतात."

दार उघडून लॉयड आत आला. बूट त्याने नियमाप्रमाणे बाहेरच काढले होते. शाळेची बस चालवणारा हा पन्नाशीचा गडी लहानपणी सरकारी गाडीतून या घरी सांभाळायला दिलेलं पोर म्हणून आला होता आणि राहून गेला होता. व्हर्नाला तो अजून 'मॅम'च म्हणे. आत्ता त्याच्या कोटाची बटणं हनुवटीपर्यंत लावलेली होती, आणि कोट रडत होता.

"काय आणलंस?"

"अस्वल."

"आहे आपल्याकडे."

"हे लहान आहे, मॅम."

वळणावर ओंडक्यांच्या ट्रकने आईला उडवलं होतं. पिल्लू बर्फात तिच्या पोटाला चिकटून होतं.

"वनखात्याला फोन केलाय," लॉयड म्हणाला. "त्यांची बाई येतेय. इथेच."

व्हर्नाने आधी पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "इथे? डोक्यात काय भरलंय तुझ्या? हिला उचलून नेलं म्हणजे?"

"त्याला दूध लागणार, मॅम. आणि दूध इथे आहे."

"माझं अस्वल मी कोणाला दाखवणार नाही."

लॉयडने कोटाचं वरचं बटण सोडलं. कोट हुंदके देत राहिला.

वनखात्याची नोरीन हार्पर तरुण होती. दारात बूट काढायला लावल्यावर तिचा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला दिसला, पण ती लाजली नाही. पिल्लाच्या हिरड्या बघून तिने मान हलवली.

"दूध पाजणारी अस्वलीण हवी. आम्हाला ठाऊक असलेली एक आहे, पण डोंगरापलीकडे, आणि घाट बर्फाने बंद. उद्यापर्यंत हा टिकायचा नाही."

तेवढ्यात जमिनीखालून घुमल्यासारखा बारीक आवाज सुरू झाला.

"फ्रिज जुना झालाय तुमचा," नोरीन म्हणाली.

'हो' म्हटलं असतं तर विषय संपला असता. व्हर्नाने कोटाकडे पाहिलं. कोटाच्या गळ्यातून एक ओलं नाक बाहेर आलं होतं.

"फ्रिज जानेवारीतच बंद केलाय," ती म्हणाली. "बाळंतीण आहे खाली."

नोरीन सरळ जमिनीवर पालथी झाली, कान टेकवला. "दोन आहेत. पिताना अशीच गुणगुणतात."

"नेणार तिला?"

"बाळंतिणीला कोण हलवतं, मिसेस टीटर? झाडांना पालवी फुटली की आपणच जाईल, भाडं न देता. तोवर कचरा घरात ठेवा, पाखरांचे दाणे टांगू नका." मग ती पिशवी उचकू लागली. "विक्स आहे का घरात? माझं संपलंय."

व्हर्ना निळी डबी घेऊन आली.

"याला चोळायचं?" लॉयडने विचारलं.

"सगळ्यांना," दोघी एकदम म्हणाल्या.

नोरीनने चमकून पाहिलं.

"मेंढ्या होत्या आमच्याकडे," व्हर्ना म्हणाली. "आई वासावरून परकं ओळखते. एकट्यालाच लावलं तर तो एकटाच वेगळा पडतो."

तिने पिल्लू मांडीवर घेतलं. छाती, पाठ, कानांमागे. हात कुठे अडला नाही. पिल्लू शिंकलं आणि गप्प झालं. लॉयड तिच्या हाताकडेच बघत होता.

नोरीन पिल्लू जाकिटात घालून, काठीला गुंगीची सुई लावून फळ्यांखालच्या पोकळीत सरपटत गेली. परतली तेव्हा डोक्यावर कोळिष्टकं होती. "त्या दोघांना चोळलं, आईच्या नाकालाही लावलंय. उठेल तेव्हा सगळ्या जगाला सर्दी झालीय असं वाटेल तिला."

मग तिघंही स्वयंपाकघरात पालथी पडून राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग काहीतरी जड हललं. एक फुत्कार आला, जबडा टकटक वाजला. पुन्हा शांतता. आणि मग ते गुणगुणणं. आधी जुने दोन सूर, मागून तिसरा, चिरका.

"बेसूर आहे," व्हर्ना म्हणाली.

"शिकेल," नोरीन म्हणाली.

ती गेल्यावर व्हर्नाने उकडलेला घेवडा वाढला. लॉयड आपले तळवे हुंगत उभा होता. पिल्लाचा वास पुसून डबीचाच उरला होता.

"मॅम, त्या पहिल्या हिवाळ्यात मला फार सर्दी असायची का?"

"तुला? घोड्यासारखा होतास."

"पण रोज रात्री चोळायचात."

"हं."

"तुमच्या पोरांना पण, जोनला, रस्टीला. मला वाटायचं, आजारी घरात येऊन पडलोय."

"हं."

"कुत्र्याला पण."

"तोच तर तुझ्यावर सगळ्यांत जास्त भुंकायचा," व्हर्ना पाव कापत म्हणाली. "हात धू. निवतंय."

लॉयडने नळ बारीक सोडला. हातांकडे पाहिलं. नळ बंद केला आणि तसाच येऊन बसला. या टेबलावर न धुतल्या हातांनी आजवर कोणाला घास मिळाला नव्हता. व्हर्नाने ताट त्याच्याकडे सरकवलं.

"आज प्रार्थना तू म्हण."

लॉयडची प्रार्थना लहानपणापासून एका वाक्याची होती. त्याने डोळे मिटले.

"या अन्नाबद्दल आभार," तो कुजबुजला. एरवी इथेच 'आमेन' व्हायचं. "आणि खालच्या मंडळींबद्दल." तळव्यांचा वास घेतला. "आणि सर्दीबद्दल."

खाली कोणीतरी शिंकलं.

"देव तुझं भलं करो," व्हर्ना म्हणाली. शिंकणाऱ्याला म्हणतातच तसं. बघत मात्र ती लॉयडकडे होती.